ननंद नावाचा शब्दच नाही म्हणे!

सांगू की नको असं करत आठवडा गेला. पण आता गोष्ट वॉर्डभर झालीच आहे, तर निदान माझ्या तोंडून खरी तरी ऐका. आमच्या घरातली माणसं बिघडली आहेत. दारू नाही, पत्ते नाहीत, आयपीएलचा सट्टा नाही. सकाळी दात घासायच्या आधी फोन हातात घेतात आणि तीन अक्षरं शोधतात. चहा निवतो, दूध उतू जातं, आणि घरचा कर्ता माणूस छताकडे बघत पुटपुटतो, ‘मधलं डा आहे, शेवटचं र आहे, पहिलं काय असंल बाप्पा?’

पहिलं दं होतं. दंडार. दिवाळीनंतर मंडईला ज्या दंडारीसाठी या माणसाने उभ्या रात्री काढल्या, तिचं नाव त्याला अर्ध्या तासात सुचू नये! पण खेळाचा नाद लागला की माणसाचं असंच होतं.

सुरुवात झाली ती कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. हिरवे, पिवळे, काळे चौकोन यायला लागले. मला वाटलं, गडचिरोलीकडच्या आरमोरीच्या ननंदबाई नव्या घराची फरशी निवडून रायल्या. मी भाबडेपणाने लिहिलं, ‘हिरवी नको, डाग दिसतात.’ त्यावर अकरा जणांनी हसरे चेहरे पाठवले. तेव्हा कळलं की हे दुसरंच काही आहे, आणि सगळ्यांना कळलं ते फक्त मला कळलं नव्हतं. यापेक्षा मोठा अपमान आमच्या वयाच्या बाईचा होत नाही.

मूळ भानगड न्यूयॉर्कची. ब्रुकलिनमध्ये राहणारा जॉश वॉर्डल नावाचा एक प्रोग्रामर. त्याची जोडीदारीण पलक शाह. (शाह! ऐकलंत ना? नाव ऐकून तरी बाई आपल्याकडची वाटते.) तिला शब्दांचे खेळ आवडतात म्हणून या गड्याने तिच्यासाठी एक खेळ केला. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द, सहा संधी, दिवसाला एकच कोडं. अक्षर जागेवर असेल तर हिरवं, शब्दात असून जागा चुकली तर पिवळं. आपल्या आडनावावरच कोटी करून त्याने नाव ठेवलं ‘वर्डल’. ऑक्टोबर २०२१मध्ये खेळ सगळ्यांसाठी उघडा केला. १ नोव्हेंबरला खेळणारे होते ९०. २ जानेवारी २०२२ला तीन लाखांच्या वर. त्याच महिन्याच्या शेवटी न्यूयॉर्क टाइम्सने तो सात आकडी डॉलर मोजून विकत घेतला. बायकामाणसांसाठी लोक ताजमहाल बांधतात असं ऐकलं होतं, पण ताजमहाल विकून कुणी पैसे केले नव्हते.

आणि टाइम्सचं सोवळं तर विचारूच नका. १९२४ साली अमेरिकेत शब्दकोड्यांची साथ आली, तेव्हा याच पेपराने नाक मुरडलं होतं. हा वेळेचा पापी अपव्यय आहे, अशा थाटात लिहिलं होतं. पुढे १९४२मध्ये स्वतःच शब्दकोडं छापायला लागला आणि ऐंशी वर्षांनी शब्दांचा खेळ विकत घेऊन बसला. आमच्या गल्लीतही अशा दोघीतिघी आहेत. आधी ‘कायचे हे धंदे!’ म्हणतात, मग दार लावून खेळतात. नावं घेत नाही, त्यांना कळेलच.

बरं, इंग्रजी खेळ इंग्रजीत राहिला असता तर आमचं घर वाचलं असतं. पण आमचा पुतण्या पुण्याला इंजिनिअरिंगला. मे महिन्यात सुटीवर आला. चंद्रपूरचा मे म्हणजे पारा ४५च्या पुढे. अकरानंतर जटपुरा गेटजवळ कुत्रंही दिसत नाही. पोरगा कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसला आणि म्हणाला, ‘काकू, मराठीत असा खेळ करतो. सोपं आहे. दोन दिवसांचं काम.’

दोन दिवसांचं काम म्हणणाऱ्या माणसावर, मग तो गवंडी असो की प्रोग्रामर, विश्वास ठेवू नये. पहिल्या संध्याकाळीच त्याच्या काळ्या पडद्यावर भूकंप झाला. पोराने सहज यंत्राला विचारलं, ‘चंद्रपूर’ या शब्दाची लांबी किती? उत्तर आलं, ८. ‘गडचिरोली’ची? तीही ८!

आता बघा. २६ ऑगस्ट १९८२ला आमचा जिल्हा तोडून गडचिरोली वेगळी केली, ते आम्ही गिळलं. पण यंत्राने दोघींना एका मापाची ठरवावं? घरात लगेच दोन तट पडले. पुतण्या समजावत होता की यंत्राला अक्षर कळत नाही, त्याला सुटे तुकडे कळतात. च वेगळा, अनुस्वार वेगळा, द वेगळा, पाय मोडणारं चिन्ह वेगळं, र वेगळा, प वेगळा, त्याचा ऊकार वेगळा, शेवटचा र वेगळा. मोजा, आठ. गडचिरोलीतही पाच अक्षरं आणि तीन मात्रा, झाले आठ. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक चौकोन, त्यामुळे वॉर्डलभाऊंना हा त्रास नव्हता. आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटी अक्षराच्या अंगाखांद्यावर बसतात. त्यांना उतरवून मोजलं तर लग्नात पोरंटोरं मोजून ताटं मांडल्यासारखं होतं.

मग त्याने तुकडे जुळवून अक्षर मोजणारं तयार साधन आणलं. ते जुनं निघालं. त्याने मात्रा बरोबर चिकटवल्या, पण जोडाक्षर फोडलं. द् वेगळा, र वेगळा. चंद्रपूर झालं ५. गडचिरोली? तीही ५! पुन्हा बरोबरी. सासूबाई म्हणाल्या, ‘यंत्र आरमोरीचं आहे.’ युनिकोडवाल्यांनी २०२३च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं एकत्र धरायचा नियम घातला आहे, नवीन साधन घेतलं तर जमतं, असं पोरगं सांगत होतं, कोण ऐकतं? शेवटी त्याने तसं केलं आणि निकाल लागला. चं-द्र-पू-र, चार. ग-ड-चि-रो-ली, पाच. म्हणजे एवढा उपद्व्याप करून एका अक्षराने आम्हीच हरलो. ननंदबाईंनी ग्रुपवर फक्त पाच बोटांचं चित्र पाठवलं. त्या बाईला कमी शब्दांत टोचायची कला जन्मजात आहे.

पण देव आहे. दुसऱ्याच दिवशी मी पहिला शब्द टाकला ‘ननंद’. तीन अक्षरं, सोपा शब्द, रोजच्या वापरातला. खेळाने चौकोन हलवले, लाल पट्टी दाखवली आणि लिहिलं: ‘हा शब्द अस्तित्वात नाही.’

पंचवीस वर्षं मी दुसरं काय म्हणत होते?

मी त्या पट्टीचा फोटो काढला, बहिणीला पाठवायला. पाठवला कुठे? कुटुंबाच्या ग्रुपवर. पुढच्या दोन मिनिटांत काय काय झालं ते लिहीत नाही. ‘सगळ्यांसाठी पुसा’ हे बटण सापडेपर्यंत आरमोरीला दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या.

दोष पुतण्याचा. त्याने कुठल्याशा कोशातून उतरवलेली शब्दांची यादी जशीच्या तशी खेळात ओतली होती. कोशात आहे ‘नणंद’, ण बाणाचा. पुण्याची नणंद. आमच्या झाडीपट्टीत ण जिभेवर टिकत नाही, त्याचा न होतो; ळचा र होतो, डोळा दुखायच्या ऐवजी डोरा दुखतो. म्हणजे आमची ननंद सदेह आरमोरीत बसलेली, आणि यादीत तिचा पत्ता नाही. बरं, यादीत काय काय नव्हतं विचारा. सांबार नव्हता. (पुणेकरांसाठी खुलासा: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. बाजारात सांबार मागितला तर इडली शोधू नका.) भेदरं नव्हतं, ज्याला तुम्ही टमाटा म्हणता. धान भरायची चुंगडी नव्हती, गोटुल नव्हतं. मंडई होती, पण पुण्यातली, भाजीची. जिथे आख्खी रात्र नाटक चालतं, वडशाच्या कंपन्या तंबू ठोकतात आणि पाहुण्यांनी घर फुटायला येतं ती आमची मंडई वेगळी, हे यंत्राला कोण सांगणार? आणि कहर म्हणजे ताडोबा चालेना! विशेषनाम आहे म्हणे. चंद्रपुरात बसून केलेला खेळ, आणि १९५५पासूनचं राज्यातलं सगळ्यांत जुनं राष्ट्रीय उद्यान त्यात शिरू शकत नाही. लोक दिल्लीहून जिप्सीत बसायला येतात, आणि तीन अक्षरांना आमच्याच घरात गेट बंद.

दुसऱ्या बाजूने यादीत असे शब्द होते की आयुष्यात कुणी उच्चारले नसतील. मोल्सवर्थसाहेबांच्या कोशाच्या १८५७च्या आवृत्तीत साठेक हजार शब्द आहेत. त्यांतले किती तुम्ही काल सकाळपासून वापरलेत? सहा संधी घालवून उत्तर कळावं आणि उत्तराचाच अर्थ कळू नये, याला खेळ म्हणत नाहीत, परीक्षा म्हणतात.

इथे पुन्हा पलकबाई आठवल्या. वॉर्डलने पाच अक्षरांचे सुमारे बारा हजार इंग्रजी शब्द काढले होते. ते पलकबाईंनी एकेक करून चाळले, ओळखीचे ठेवले, अनोळखी बाजूला काढले. उरले अडीच हजारांच्या आसपास. तो खेळ जगभर चालला याचं श्रेय सगळे प्रोग्रामरला देतात. माझं ऐकाल तर श्रेय सुपात आहे. तांदूळ कुणीही शिजवतो. निवडतो कोण ते विचारा.

आमच्याकडे निवडायला बसायचं कोणी, यावर जे रामायण झालं! सासूबाईंचं म्हणणं, वयाने मोठी मी. पुतण्याचं म्हणणं, खेळ माझा. माझं म्हणणं तुम्ही ओळखलंच असेल. आणि त्यात आरमोरीहून फोन: ‘जो शब्द अस्तित्वात नाही, तिलेच विचारा ना जी. तिच्यापाशी बाकीचे बी सापडतीन.’ एवढं बोलून फोन ठेवला. पुतण्याने लगेच यादी आरमोरीला पाठवली. मी मध्ये पडायला गेले तर म्हणतो, ‘काकू, आत्याले एक संधी देऊ.’ एक? खेळात सहा असतात रे!

ननंदबाईंनी आठ दिवसांत यादी चाळून परत पाठवली. (डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा कोश करून ठेवलाय, हेही त्यांनीच पोराला सांगितलं. मी सांगणारच होते.) रोवणी आली, टेंभरं आलं, धानाची तनस आली, दंडार आली. गोटुल आलं. पेन आला तेव्हा घरात परत वाद: पेन म्हणजे लिहायचा की गोंडांचा देव? दोन अक्षरांचा असल्यामुळे तो तूर्त वाचला. तसाच दोन अक्षरांचा ‘पऱ्हे’ ताडताना तर यंत्रच येडं झालं. धानाची रोपं, साधा शब्द. माझ्या फोनवर लिहिलेलं पऱ्हे आणि त्यांच्या फोनवर लिहिलेलं पऱ्हे दिसायला सख्खे जुळे, आणि यंत्र म्हणतं हे दोन वेगळे शब्द. अर्ध्या ऱ्हचा तो र दोन तऱ्हांनी टंकता येतो म्हणे, आत वेगवेगळे तुकडे असतात. तीच गत ॲची: एक सलग, एक जोडून बनवलेला. पोराने शेवटी सगळं एका साच्यात ओतून मगच ताडून बघायची सोय केली. वरून जुळं आणि आतून वेगळं, हा प्रकार नातेवाइकांत आम्ही बघितला होता, अक्षरांत पहिल्यांदाच बघितला.

आता माझी फजिती. ननंद यादीत शिरल्याच्या आनंदात (आनंद कुणाचा, विचारू नका) मी रोज पहिला शब्द तोच टाकायला लागले. एके दिवशी पहिला न हिरवा आला. दुसरा नं निळा. निळा म्हणजे व्यंजन आहे, मात्रा किंवा जागा वेगळी. ही पुतण्याची स्वतःची सुधारणा, आणि खरं सांगते, अकलेची. पूर्ण अक्षर जुळेपर्यंत काहीच न सांगणारा मराठी खेळ म्हणजे अंधारात सुई. तर मला वाटलं, शब्दात दोन न आहेत. नयन टाकला. शेवटच्या नलाही रंग आला! नमन टाकला. तेच! सहाही संधी दुसऱ्या नच्या मागे गेल्या. उत्तर आलं: नवरा.

त्यात एकच न आहे. मी नवऱ्यात दुसरी ननंद शोधत बसले होते.

पोराला धरलं. बराच वेळ डोकं खाजवून म्हणाला, ‘काकू, बग आहे.’ त्याचा खेळ प्रत्येक अक्षराला एकच प्रश्न विचारत होता: तू उत्तरात आहेस का? पहिला न म्हणाला आहे, दुसराही म्हणाला आहे, दोघांनाही रंग. पण उत्तरातला एकुलता एक न तर पहिल्यानेच घेतला होता! मी त्याला झाडीपट्टीच्या नाटकाची रीत सांगितली. ज्यांच्या तिकिटावर खुर्चीचा नंबर आहे त्यांना आधी बसव. मग उरलेल्या खुर्च्या मोज, आणि तेवढीच माणसं आत घे. खुर्ची संपली की बाकीचे बाहेर, मग ते नातेवाईक असले तरी. पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं. दोन फेऱ्यांत मोजायचं, हीच खरी रीत आहे म्हणे. आणि ही चूक करणारा तो एकटा नाही. ग्रँट सँडरसन नावाचे गणिताचे व्हिडिओ करणारे मोठे नावाजलेले गृहस्थ. त्यांनी फेब्रुवारी २०२२मध्ये वर्डलचा सर्वांत चांगला पहिला शब्द गणिताने काढून दाखवला, आणि काही दिवसांत दुसरा व्हिडिओ करून कबूल केलं की दुबार अक्षरांच्या रंगांतच आपली चूक झाली होती. त्यांना मंडईला बोलवायला हवं होतं.

वाटलं, आता सुरळीत होईल. तेवढ्यात आमच्या मागच्या गल्लीत काळाबाजार सुरू झाला. दहावीतला एक मुलगा (चांगल्या घरचा, म्हणून नाव नाही) उद्याचा शब्द आज सांगायला लागला. दर एका शब्दाला एक कुल्फी. सगळी यादी खेळाच्या पानातच असते; पान उघडून पोटात डोकावलं की शब्द ओळीने उभे. मूळ वर्डलचीही हीच गत होती. २०२२च्या जानेवारीत कुणीतरी ट्विटरवर यंत्रच बसवलं, लोकांनी आपले चौकोन टाकले की ते उद्याचं उत्तर सांगून मजा घालवायचं. ट्विटरने ते बंद केलं. आमच्याकडे पोराने शब्द आत उलटेपालटे करून ठेवले. ‘हे कुलूप नाही काकू, कडी आहे,’ म्हणाला. मग कळलं, कडीही काढायची गरज नाही: फोनची तारीख एक दिवस पुढे केली की उद्याचं कोडं आजच उघडतं. हे शोधून काढलं कोणी? सासूबाईंनी. वय ७८.

पण शब्द पानातच ठेवायचा हट्ट पोराने सोडला नाही, आणि त्याचं कारण ऐकून मी गप्प झाले. ननंदबाईंचा मुलगा भामरागडला शिक्षक. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर चढली की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि रेंज तर आधीच गेलेली असते. पान एकदा उघडून ठेवलं तर तिथेही रोजचा शब्द निघतो. आता तो शाळेत फळ्यावर चौकोन आखून खेळतो म्हणे, पोरं माडिया बोलीतले शब्द सुचवतात. शाळेतही पोचलं! कुठे तक्रार करायची?

तक्रारीवरून आठवलं. या खेळावर पैसे लावायचं कुणीतरी काढलं होतं. मी साफ मोडून काढलं. आमचे सासरे सांगायचे, एके काळी शब्दकोड्यांची कूपनं भरण्यात लोकांनी पगार घालवले. शेवटी सरकारला १९५५ साली बक्षीस स्पर्धांचा कायदा करावा लागला: महिन्याला एक हजार रुपयांच्या वर बक्षीस नाही, दोन हजारांच्या वर प्रवेश नाहीत. १९५७मध्ये कोडीस्पर्धा चालवणाऱ्या चमारबागवालांच्या खटल्याचा सुप्रीम कोर्टात निकाल लागला, तिथेही नशिबाच्या स्पर्धेला व्यापाराचं संरक्षण मिळालं नाही. तेव्हा कुल्फीपर्यंत ठीक आहे. त्यापुढे नाही.

सुटी संपली, पुतण्या पुण्याला गेला. जाताना यादीची किल्ली आरमोरीला देऊन गेला. आता रोजचा शब्द ननंदबाई ठरवतात. कालचा तीन अक्षरांचा होता. सासूबाईंना तिसऱ्या खेपेला आला, ह्यांना चौथ्या, भामरागडहून हिरवे चौकोन सकाळी सहालाच आले. माझ्या सहाही संधी गेल्या. शब्द होता ‘वहिनी’.